रस्ता कुणाचा, पैसा कुणाचा, खड्डा कुणाचा: महाराष्ट्रातल्या रस्ते-पुलांच्या निधीबद्दल आणि देखभालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावावरून जाणारा रस्ता नेमका कुणाच्या ताब्यात आहे, हे कसं ओळखायचं?

निम्म्या तक्रारी चुकीच्या टेबलावर जातात आणि तिथेच पडून राहतात, म्हणून आधी हे पक्कं करा. राज्यातले रस्ते पाच वर्गांत मोडतात: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग (राज्य महामार्ग त्यातलेच), प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. यातले राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हापासून ढोबळमानाने हीच वाटणी आहे.

राष्ट्रीय महामार्गात दोन प्रकार आहेत. काही केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाकडे असतात, तर काही राज्याच्याच बांधकाम विभागातल्या ‘राष्ट्रीय महामार्ग’ शाखेकडे. दुसऱ्या प्रकारात पैसा केंद्राचा असतो, अभियंते राज्याचे. शिवाय काही रस्ते एमएसआरडीसीकडे, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहेत, आणि शहराच्या हद्दीत शिरल्यावर तोच रस्ता कधी पालिकेचा होतो, कधी होत नाही.

जागेवर ओळखायचं तर कडेचा किलोमीटरचा दगड पाहा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, काळं किंवा निळं असेल तर जिल्हा मार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक योजनेतला रस्ता. दगडच नसेल तर तालुक्याच्या बांधकाम उपविभागात रस्त्याचा क्रमांक विचारा. रा.मा., प्र.जि.मा., इ.जि.मा., ग्रा.मा. अशी आद्याक्षरं आणि पुढे आकडा, असा तो असतो. तक्रारीत गावांच्या नावांबरोबर हा क्रमांक आणि साखळी, म्हणजे कितवा किलोमीटर, लिहिला की अर्ज टोलवायला जागा उरत नाही.

दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एक, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. लोक त्यांच्यावरून वर्षानुवर्षं गाड्या नेतात, पण कागदावर तो पूल नसतोच. तो पाणी अडवायचा बंधारा असतो, जलसंपदा किंवा जलसंधारण खात्याचा. बांधकाम विभाग त्याला हात लावत नाही. दुसरा घोळ ‘तत्त्वतः घोषित’ राष्ट्रीय महामार्गांचा. घोषणा झाली की राज्य त्या रस्त्यावर मोठा खर्च करायला कचरतं, आणि केंद्राने अजून तो ताब्यात घेतलेला नसतो. असे रस्ते वर्षानुवर्षं अधांतरी राहिलेले आहेत. आपला रस्ता यात अडकला असेल तर खड्ड्यांचे फोटो पाठवून फारसं काही होत नाही. हस्तांतरण झालंय का, हे लेखी विचारा.

रस्त्यांसाठी पैसा येतो कुठून?

एका पिशवीतून येत नाही. हीच खरी गोम आहे.

राज्याच्या अर्थसंकल्पात दोन लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाची क्रमांक दिलेली खाती, लक्षात ठेवा. ३०५४ हे महसुली, त्यातून मुख्यतः देखभाल-दुरुस्ती होते. ५०५४ हे भांडवली, त्यातून नवे रस्ते, रुंदीकरण, नवे पूल. जिल्हा नियोजन समितीतूनही याच दोन शीर्षांखाली जिल्हा परिषदेला ग्रामीण रस्त्यांसाठी निधी मिळतो. ग्रामविकास विभागाचं २५१५ हे तिसरं शीर्ष आहे. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत कामं त्यातून होतात. ‘पंचवीस-पंधराचं काम’ हा शब्द तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवरही ऐकू येतो तो यामुळे.

केंद्राकडून येणारा मोठा प्रवाह म्हणजे केंद्रीय मार्ग निधी, बोलीभाषेत ‘सीआरएफ’. पेट्रोल-डिझेलवरचा उपकर यात जमतो. २००० च्या कायद्याने तो उभा राहिला आणि २०१८ मध्ये त्याचं नाव केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी झालं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. तिचा खर्च आता केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा उचलतात. तिच्या निकषात न बसणाऱ्या आणि खराब झालेल्या रस्त्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आणली.

उरलेला पैसा म्हणजे कर्ज. नाबार्डचा ग्रामीण पायाभूत विकास निधी १९९५-९६ पासून आहे आणि ग्रामीण पुलांची बरीच कामं त्यातून झाली आहेत. आशियाई विकास बँकेने २०१९ मध्ये ३४ जिल्ह्यांतल्या सुमारे २,१०० किलोमीटर ग्रामीण रस्त्यांसाठी २० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. हायब्रिड अॅन्युइटी हा आणखी एक मार्ग. त्यात बांधकामाच्या काळात सरकार खर्चाचा एक भाग देतं, उरलेला ठेकेदार घालतो, आणि ती रक्कम त्याला पुढची काही वर्षं हप्त्यांनी परत मिळते. या पद्धतीचा एक फायदा मान्य करायला हवा. हप्ते सुरू असेपर्यंत देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात असते, त्यामुळे सुरुवातीला पातळ थर देऊन त्याला फायदा नसतो.

नव्या रस्त्याला कोट्यवधी मिळतात, मग खड्डे बुजवायला पैसे नाहीत असं कसं सांगतात?

सांगणारा अधिकारी बहुधा खरंच बोलत असतो. ५०५४ चा रुपया ३०५४ च्या कामाला वापरता येत नाही. ज्या योजनेसाठी निधी आला तिच्या बाहेर खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि वसुली सही करणाऱ्यावर निघते.

पण प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. नव्या कामाचं भूमिपूजन होतं, नारळ फुटतो, फलक लागतो. चर साफ केली, मोरीतला गाळ काढला, तर कुणाचं नाव लागणार? त्यामुळे दुरुस्तीची तरतूद लांबीच्या मानाने तोकडी राहते. त्यातला मोठा भाग पूरहानी आणि विशेष दुरुस्तीत जातो, आणि दरवर्षी करायची बारीकसारीक कामं मागे पडतात. पूर्वी ठराविक लांबीमागे मैलकुली असायचे. फावडं-घमेलं घेऊन साइडपट्टी (डांबराच्या कडेची मुरमाची पट्टी) भरणं, चर मोकळी करणं, छोटा खड्डा छोटा असतानाच बुजवणं हे त्यांचं रोजचं काम. ती पदं निवृत्तीबरोबर संपत गेली आणि ते काम निविदेवर गेलं. निविदा निघेपर्यंत घमेलंभर खड्ड्याचा ट्रकभर खड्डा होतो.

बजेटमध्ये रस्त्याचं नाव आलं. आता काम कधी सुरू होईल?

नाव येणं ही पहिली पायरी. पुढचा क्रम असा: प्रशासकीय मान्यता, सविस्तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, दरांची छाननी, करारनामा आणि मग कार्यारंभ आदेश. अंदाजपत्रक राज्य दरसूचीवर बसवतात. वनजमीन, भूसंपादन किंवा विजेचे खांब हलवणं यातलं काही असेल तर वर्ष सहज जातं. मार्चमध्ये बजेट, जुलैपर्यंत मान्यता, पावसाळ्यात निविदा, दिवाळीनंतर काम, हा सुरळीत चाललेल्या कामाचा वेग. डांबरीकरण पावसाळ्यात बंदच असतं आणि तसंच असायला हवं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. पाच कोटींच्या कामाला बजेटात त्या वर्षी दहा-वीस लाखांचीच तरतूद असू शकते. कामांची यादी लांब करायची आणि प्रत्येकाच्या पानात चमचाभर वाढायचं, अशी ही पंगत असते. ठेकेदार काम सुरू करतो, पहिलं देयक थकतं, तो यंत्रं दुसरीकडे नेतो, आणि खडी पसरलेला अर्धवट रस्ता गावाच्या वाट्याला येतो. म्हणून विचारताना ‘मंजूर आहे का’ असं विचारू नका. या आर्थिक वर्षात तरतूद किती आणि प्रत्यक्ष वितरित निधी किती, हे दोन आकडे मागा.

ग्रामपंचायत किंवा आमदार निधीतून रस्ता करता येतो का?

येतो. गावांतर्गत छोट्या लांबीसाठी हे मार्ग ठीक आहेत. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठराविक कामाचं बंधन नसलेल्या निधीतून करता येतं, पण काम गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात असावं लागतं. शेतरस्त्यांसाठी मातोश्री पाणंद रस्ते योजना आणि रोजगार हमी आहे. फक्त एक पाहा: रस्ता ज्याच्या ताब्यात त्याचं ना-हरकत पत्र घेतलंय का. नाहीतर ग्रामपंचायतीने केलेल्या रस्त्यावर पुढच्याच वर्षी बांधकाम विभागाचं रुंदीकरण येतं आणि सगळं उखडलं जातं.

नवा डांबरी रस्ता एका पावसात का उखडतो?

‘डांबर कमी टाकलं’ हे ठरलेलं उत्तर. ते कधीकधी खरं असतं, पण बहुतेक वेळा खरा गुन्हेगार पाणी. डांबर आणि खडी यांची पकड पाण्याने सुटते. वर साचलेलं पाणी भेगेतून आत जातं. वरून चाक गेलं की ते दाबाने इकडेतिकडे पळतं आणि खडीवरचं डांबर सोलून काढतं. चार दिवसांत तिथे खड्डा.

पाणी साचतं ते तीन कारणांनी. रस्त्याला मधून कडेला पुरेसा उतार नसतो. पावसाच्या भागात तो अडीच टक्के हवा. पावणेचार मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा साधारण पावणेपाच सेंटिमीटर उंच असला पाहिजे. हे पाहायला अभियंता लागत नाही. रस्त्याच्या मध्यावर टेकवून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत समपातळीत दोरी ताणा. दोन्ही कडांना रस्ता दोरीच्या किती खाली राहतो ते पट्टीने मोजा. दुसरं कारण साइडपट्टी. मुरमाची पट्टी डांबरापेक्षा उंच झाली की रस्त्याचं पाणी रस्त्यावरच अडतं. खचली की डांबराची कड उघडी पडते आणि समोरून गाडी आली म्हणून खाली उतरलेलं प्रत्येक चाक ती तोडत जातं. तिसरं कारण चर. शेतात जायला कुणी चरीवर माती टाकून वाट केली आणि खाली पाइप घातला नाही, तर वरच्या बाजूची पन्नास-शंभर मीटर चर तळं होते. ते पाणी कडेने रस्त्याच्या पोटात शिरतं. पोट भिजलं की वर कितीही चांगलं डांबर असो, रस्ता बसतो.

विदर्भ, मराठवाडा, सोलापूरकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकली की चिखल खडीत वर चढतो आणि खडी चिखलात खाली जाते. मध्ये मुरमाचा किंवा वाळू-खडीचा पुरेसा जाड थर हवा, नाहीतर माती चुन्याने सुधारून घ्यावी लागते. पैसे वाचवायचे झाले की नेमका हा थर कमी होतो, कारण तो गाडला जातो आणि कुणाला दिसत नाही.

अलीकडची भर म्हणजे पाणीयोजनांच्या पाइपलाइनी. साइडपट्टीत चर खोदून पाइप टाकतात आणि माती ढकलून देतात. ती थर देऊन, पाणी मारून दाबायला हवी. तसं न केल्याने पहिल्या पावसात ती बसते आणि रस्त्याची कड घेऊन जाते. खोदाईच्या परवानगीसाठी रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम आधीच भरून घेतलेली असते. ती वापरली का, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

खड्डा बुजवायची योग्य पद्धत कोणती?

खड्ड्याच्या कडा कटरने किंवा छिन्नीने उभ्या आणि चौकोनी कापायच्या, घट्ट भाग लागेपर्यंत. सुटी खडी, धूळ, पाणी पूर्ण काढायचं. तळाला आणि चारी उभ्या कडांना डांबराचं इमल्शन लावायचं. ते तपकिरी असतं. काळं पडेपर्यंत थांबायचं. मग गरम मिश्रण थराथराने भरायचं, एक थर साडेसात सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आणि प्रत्येक थर छोट्या रोलरने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबायचा. शेवटचा थर आजूबाजूपेक्षा किंचित उंच ठेवायचा, कारण वाहतुकीखाली तो अजून बसतो.

प्रत्यक्षात दिसतं ते असं: टेम्पोतून उतरवलेलं, एव्हाना थंड झालेलं मिश्रण, पाणी असलेल्या खड्ड्यात फावड्याने टाकून वर फावड्याच्याच पाठीने थाप. कडा तिरक्या राहिल्याने तिथे मिश्रणाचा थर पापडासारखा पातळ होतो आणि तिथूनच उखडायला सुरुवात होते.

भर पावसात तात्पुरतं काही करायचंच असेल तर पिशव्यांतून येणारं कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता टाकायचं डांबरी मिश्रण, वापरतात. तेही खड्ड्यातलं पाणी काढून, आणि कायमची दुरुस्ती पावसाळ्यानंतर करायची हे धरून. मुरूम-माती टाकणं म्हणजे दोन दिवस चिखल आणि तिसऱ्या दिवशी तोच खड्डा.

गावातला रस्ता सिमेंटचा करावा की डांबरी?

जिथे सांडपाणी रस्त्यावरून वाहतं तिथे डांबर टिकत नाही. काँक्रीट घ्या. पण नुसतं ‘सिमेंटचा रस्ता’ म्हणजे पक्का नव्हे. ठराविक अंतरावर, साधारण चार-साडेचार मीटरवर, काप द्यावे लागतात आणि तेही ओतल्यानंतर पहिल्या दिवसातच. काप दिले नाहीत तर काँक्रीट स्वतःच हवं तिथे तडकतं. पाणी किमान चौदा दिवस. मातीची आळी करून त्यात पाणी भरून ठेवणं उत्तम. गोणपाट टाकून दिवसातून एकदा शिंपडणं पुरत नाही. महिनाभरात वरून सिमेंटची भुकटी निघू लागली तर पाणी कमी पडलं किंवा मिश्रणात पाणी जास्त झालं, दोन्हींपैकी एक नक्की. आणि काँक्रीट करण्याआधी नळाची लाइन व गटार उरकून घ्या.

काम चालू असताना सामान्य माणसाने काय तपासावं?

कामाच्या सुरुवातीला फलक असतो: कामाचं नाव, रक्कम, लांबी, ठेकेदार, मुदत, दोष दायित्व कालावधी. फलक नसेल तर पहिली तक्रार तीच.

मग हिशोब. समजा एक किलोमीटर लांब, ३.७५ मीटर रुंद रस्त्यावर २० मिलिमीटरचं कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा वरचा थर, आहे. दाबल्यानंतरचं घनफळ ७५ घनमीटर, वजन साधारण १६५ टन. दहा टनी गाड्या धरल्या तर सोळा-सतरा खेपा. किलोमीटरमागे दहा खेपांतच काम आटपलं तर थर कुठेतरी पातळ झाला. त्याखालच्या डांबरी पृष्ठावर टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून डांबराचा पातळ फवारा, मारायचा असतो, चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम. म्हणजे किलोमीटरला ७५० ते सव्वाअकराशे किलो, चार ते सहा बॅरल. खडीकरणाचा ७५ मिलिमीटरचा एक थर असेल तर तेवढ्याच लांबी-रुंदीला सुटी खडी ३४० ते ४०० घनमीटर लागते. कडेला टाकलेले खडीचे ढीग दाबायच्या आधी मोजता येतात, नंतर नाही.

तापमान हा सर्वांत दुर्लक्षित भाग. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचं मिश्रण प्लांटवर १५० ते १६५ अंशांना तयार होतं, पसरताना किमान १४० हवं आणि रोलिंग ९० च्या खाली जाण्याआधी संपायला हवं. प्लांट लांब असेल आणि ताडपत्री नसेल तर गाडी पोचेपर्यंत वरचा थर गार होऊन ढेकळं धरतो. वाफा येत नसलेलं, ढेकळं असलेलं मिश्रण पसरत असतील तर फोटो काढा, वेळ लिहा आणि तिथल्या तिथे शाखा अभियंत्याला फोन करा. उलट निळसर धूर निघत असेल तर डांबर जळलंय. तेही वाईटच.

अंगठ्याने डांबर उकरून ‘बघा, निघालं’ असा व्हिडिओ मात्र पुरावा नव्हे. त्याच दिवशी टाकलेलं कोणतंही डांबर उन्हात उकरता येतं. जाडी आणि घनता कोअर, म्हणजे रस्त्यातून कापलेला गोल नमुना, काढूनच कळते.

दोष दायित्व कालावधी म्हणजे काय? त्यात खड्डा पडला तर?

काम पूर्ण झाल्यापासून ठराविक काळ रस्त्यातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. किती वर्षं, हे कामाच्या प्रकारावर आणि निविदेवर ठरतं. ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल करारातच असते. ठेकेदाराने ऐकलं नाही तर विभाग त्याच्या अनामत रकमेतून काम करून घेऊ शकतो आणि त्याला काळ्या यादीत टाकू शकतो.

होतं काय, की विभागच विसरतो. दायित्वातल्या रस्त्यावर सरकारी दुरुस्तीचे पैसे खर्च होतात आणि ठेकेदाराची अनामत मुदत संपल्यावर गुपचूप परत जाते. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी, शक्यतो पावसाळ्यानंतर लगेच, रस्त्याची लेखी तक्रार करून ठेवा आणि पोच घ्या. पोच असताना अनामत सोडणं अधिकाऱ्याला अवघड जातं. अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दराने घेतलेल्या कामावर तर जास्तच डोळा ठेवा. अशा वेळी जादा अनामत घेतात ती याच भीतीने.

उसाच्या आणि वाळूच्या गाड्यांनी खरंच रस्ता जातो का?

जातो, आणि वाटतं त्यापेक्षा फार वेगाने. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सोळापट होतं. नुकसान भाराच्या चौथ्या घाताने वाढतं असं रस्ता अभियांत्रिकीत धरतात. २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एका आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. तेवढ्यानेच नुकसान हिशोबाने साठ टक्क्यांनी वाढतं. ग्रामीण मार्गाचा थर मुळात हलक्या वाहतुकीसाठी असतो. त्यावरून एका हंगामात कारखान्याची वाहतूक किंवा खदानीचे डंपर गेले की पाच-सहा वर्षांचं आयुष्य त्यातच खर्ची पडतं. मोठ्या प्रकल्पाची गौण खनिज वाहतूक गावरस्त्याने होणार असेल तर आधी रस्त्याची स्थिती छायाचित्रांसह नोंदवून ठेवा आणि पूर्ववत करून देण्याची अट परवान्यात घालायला लावा. नंतर भांडून काही मिळत नाही.

पुलाची तपासणी कोण करतं, आणि कधी?

सहा मीटरपर्यंतची लांबी म्हणजे मोरी, साठपर्यंत लहान पूल, त्यापुढे मोठा पूल. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा पाहणी अपेक्षित आहे. शंका आली की तज्ज्ञांकडून संरचनात्मक तपासणी.

अडचण अशी की वरून पाहून पुलाचं फारसं काही कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि एक मोटार वाहून गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस सुरक्षित ठरवण्यात आला होता. नवा पूल नंतर १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. काम वेगाने होऊ शकतं, हेही त्यातून दिसलं.

पूल पडतो तो बहुधा खालून. पुरात खांबाभोवती पाणी भोवरे घेतं आणि पायाची माती उकरतं. पूर ओसरताना गाळ पुन्हा त्या खड्ड्यात बसतो, त्यामुळे हिवाळ्यात पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. जवळून वाळू उपसली असेल तर नदीचं पात्रच खाली जातं आणि पाया उघडा पडतो. म्हणून मोठ्या पुराने झोडपलेल्या जुन्या पुलाला पाणबुड्यांकडून किंवा ध्वनिलहरींच्या यंत्राने पाण्याखालची तपासणी हवी.

तुम्ही स्वतः उन्हाळ्यात नदीत उतरून काही गोष्टी पाहू शकता. खांबाच्या तळाशी पूर्वी मातीत असलेला भाग उघडा पडलाय का. दगडी कमानीतले दगड निसटलेत का, सांध्यातला चुना वाहून गेलाय का. पिंपळ-वडाची रोपं उगवलीत का. ती नुसती कापून उपयोग नाही, मुळं जिवंत राहिली तर सांधे फाकतच राहतात. काँक्रीटच्या पुलाखाली गंजलेल्या सळ्या दिसतात का, स्लॅबखाली पांढरे ओघळ आहेत का. वर आलात की पाणी जाण्याचे नळ मातीने बुजलेत का ते पाहा. ते एका मजुराच्या अर्ध्या दिवसाचं काम असतं. नेमकं ते होत नाही, पाणी सांध्यातून बेअरिंगवर (खांबावर पूल ज्यावर टेकतो त्या भागावर) गळतं आणि दुरुस्ती लाखांत जाते.

आणखी एक चूक सर्रास दिसते. रस्त्याचं नूतनीकरण करताना पुलावरही डांबराचा थर चढवतात, जुना न काढता. शंभर मीटर लांब, साडेसात मीटर रुंद पुलावर पाच सेंटिमीटरचा एक थर म्हणजे जवळपास ८६ टन कायमचं वजन. असे तीन थर चढले आणि कठडा गुडघ्याएवढा राहिला, की पूल किती जादा ओझं वाहतोय ते समजा.

पूल धोकादायक आहे असं ठरलं, तर तो बंद कोण करतं?

ज्याच्या ताब्यात पूल तो विभाग अहवाल देतो आणि जिल्हाधिकारी वाहतूक बंदीचा आदेश काढतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ११५ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा, दोन्हींत तसे अधिकार आहेत. जड वाहनांपुरती बंदी असेल तर उंची रोखणारी लोखंडी कमान लावतात.

नुसता फलक लावून पूल बंद होत नाही. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला. तिथेही धोक्याचा फलक होता. बंद म्हणजे दोन्ही तोंडांना चर खोदणं किंवा भिंत घालणं, आणि त्याआधी पर्यायी वाट देणं. पर्याय न देता बंद केलेला पूल लोक आठवड्याभरात उघडतात, कारण पलीकडे शाळा, दवाखाना, शेत असतं. बुडीत पुलाचं मात्र सरळ आहे: वरून पाणी वाहत असेल तर थांबा. फूटभर वाहतं पाणीही मोटारीला ढकलू शकतं, आणि खालचा स्लॅब जागेवर आहे की नाही हे दिसत नाही.

तक्रार कुठे करायची?

बांधकाम विभागाच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांसाठी त्यांचं ‘पीसीआरएस’ हे अॅप आहे, जागेवरूनच फोटो घ्यावा लागतो. ग्रामसडक योजनेसाठी ‘मेरी सडक’. प्राधिकरणाच्या महामार्गांसाठी १०३३ हा फोन क्रमांक. जिल्हा परिषदेच्या रस्त्यासाठी पंचायत समितीतला बांधकाम उपविभाग. बाकी कशासाठीही राज्याचं ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ. अॅपवर ‘निकाली’ असं आलं आणि खड्डा तसाच असेल तर पुन्हा फोटो काढून कार्यकारी अभियंत्याला लेखी अर्ज द्या.

माहिती अधिकारात काय मागावं?

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, उत्तर ३० दिवसांत. ‘या रस्त्याची संपूर्ण माहिती’ असं लिहू नका, ‘संदिग्ध’ म्हणून परत येतं. कामाचं नाव आणि वर्ष देऊन हे मागा: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, गुणवत्ता चाचण्यांचे अहवाल, आणि डांबर खरेदीची रिफायनरीची चलनं. शेवटचं फार बोलकं असतं. मोजमापात दाखवलेल्या कामाला जितकं डांबर लागतं तितक्या चलनांची बेरीज व्हायला हवी. एकच चलन दोन कामांना जोडलेलं तर नाही ना, हेही पाहा.

कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. हे फार थोडे लोक वापरतात.

खड्ड्यामुळे अपघात झाला, भरपाई मिळते का?

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या आदेशानुसार खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यायचे आहेत. याशिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या रचनेतल्या किंवा देखभालीतल्या कसुरीमुळे मृत्यू वा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

सगळं पुराव्यावर अवलंबून आहे. खड्डा दुसऱ्याच दिवशी बुजवला जातो. त्यामुळे त्याच दिवशी पट्टी ठेवून खोली-रुंदी दाखवणारे फोटो घ्या, आजूबाजूची ओळखीची खूण फ्रेममध्ये येऊ द्या, पंचनाम्यात ‘खड्ड्यामुळे’ हे शब्द आले आहेत का ते वाचून मगच सही करा, आणि रुग्णालयाच्या पहिल्या नोंदीत अपघाताचं कारण लिहून घ्या. ‘गाडी घसरून पडला’ एवढंच लिहिलं गेलं की पुढे फार जड जातं.

आमचा ग्रामीण मार्ग प्रमुख जिल्हा मार्ग करून घेता येईल का?

याला दर्जोन्नती म्हणतात. जिल्हा परिषदेचा ठराव, बांधकाम विभागाचा प्रस्ताव आणि शासनाची अधिसूचना असा क्रम आहे. रस्ता दोन वरच्या दर्जाच्या मार्गांना जोडत असेल, बाजारपेठ किंवा तीर्थक्षेत्राकडे जात असेल आणि वाहतूक मोजणीचे आकडे असतील तर प्रस्तावात दम येतो. मात्र दर्जा वाढला की बांधकाम आणि नियंत्रण रेषाही बदलतात. रस्त्याकडेला घर किंवा दुकान बांधायचं असेल तर मध्यापासून सोडायचं अंतर वाढतं. ठरावाच्या ग्रामसभेत हे आधीच सांगा, कारण अधिसूचना निघाल्यावर त्यावर हरकत घ्यायला जागा राहत नाही.